वाघ गेले, मग रान गेलं

छद्दंत हत्तीची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या चैत्यगृहात. गिरिजात्मजाच्या दर्शनाची गर्दी शेजारच्या लेण्यात होती आणि इथे खांबांच्या माथ्यावर कोरलेले हत्ती आजी मला बोटानं दाखवत होती. राणीनं धाडलेल्या शिकाऱ्याचा विषारी बाण हत्तीला लागलाय. शिकाऱ्याला सुळे काही कापता येईनात, म्हणून हत्तीनंच करवत सोंडेत धरली आणि आपले सुळे आपणच कापून दिले. गोष्ट इथवर आली आणि मला रडू कोसळलं. आजीनं समजूत घातली नाही. "रड," म्हणाली, "ते सुळे बघून राणी बी जगली न्हाई."

हीच कथा अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यात रंगवलेली आहे, हे पुष्कळ पुढे कळलं. जुन्नरच्या लेण्यांत तशी चित्रं नाहीत. माझ्यासाठी ती आजीनं तोंडानं काढली.

तेव्हा गोष्टींचा खरा हंगाम म्हणजे वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालायचं. घरी आल्यावर, भीमाशंकरच्या अंगानं आलेला पाऊस कौलांवर कोसळत असताना, चुलीपुढे जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, व्हायच्या. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही आजीची अट. हुंकार चुकला की ती खरोखर थांबायची. मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्यांच्या एका गटालाही भीमाशंकरच म्हणतात. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम यानं वर्ष 46 मध्ये मंडप आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. त्या काळचे भिक्खूही असाच पावसाळा डोंगरात काढत असतील आणि त्यांच्याही ओठी याच गोष्टी असतील, असं मला नेहमी वाटतं.

आजीची सगळ्यात आवडती गोष्ट वाघाची. एका रानात सिंह आणि वाघ राहत. त्यांच्या भीतीनं माणूस त्या रानात शिरत नसे. उरल्यासुरल्या शिकारीच्या दुर्गंधीला कंटाळून एका वृक्षदेवतेनं दोघांना हुसकलं. दुसऱ्या एका शहाण्या देवतेनं तिला आधी बजावलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. वाघाचे माग दिसेनात, तशी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. देवता वाघाच्या विनवण्या करायला धावली, पण तो परत आला नाही. थोड्याच दिवसांत रान गेलं, नांगर फिरला, शेतं झाली. मला राग यायचा तो त्या देवतेचा. वाघाची भीती वाटल्याचं आठवत नाही. आमच्या शेजारच्या महादेव कोळ्यांच्या घरात वाघबारशीला वाघोबाची पूजा व्हायची, त्यामुळे वाघ म्हणजे रानाचा राखणदार हे आम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता माझी भाची जातककथा मोबाइलवर बघते. दोन-तीन मिनिटांत गोष्ट संपते, हत्ती विनोदी आवाजात बोलतो, कुणी मरत नाही आणि शेवटी पडद्यावर तात्पर्य येतं. या तात्पर्यानं माझा जीव जळतो. रडू यायच्या आधीच शिकवण हातात ठेवली, तर त्या पोरीच्या मनात हत्ती उरणार कसा? दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’चे सात खंड मराठीत करून ठेवले आहेत. मूळ गोष्ट त्यात पूर्ण सापडते, दुःखासकट.

म्हणून गेल्या पावसाळ्यात तिला वाघाची गोष्ट मीच सांगितली. ती राहते कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या गावात. तिथे उसातल्या बिबट्यांच्या भीतीनं संध्याकाळी पोरांना एकटं बाहेर सोडत नाहीत. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले वाढले तेव्हा पकडलेले कितीतरी बिबटे लांबच्या रानांत नेऊन सोडले होते, तरी प्रश्न सुटला नाही. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तिनं शाळेच्या सहलीत पाहिलंय. हुंकार कसा द्यायचा हे तिला शिकवावं लागलं, पण मग तिनं एकही चुकवला नाही. शेतं झाली म्हटल्यावर ती म्हणाली, "आत्या, मग वाघ तिथेच उसात राहिला असेल." आजीपुढे बसून मला हे कधी सुचलं नसतं. आमच्या गोष्टीतला वाघ दूर निघून जायचा, हिच्या गोष्टीतला घरामागे आहे. भीती तिला आहेच, आणि ती खोटी नाही.

मग जातकाच्या शेवटच्या रीतीप्रमाणे, बुद्धाच्या काळातलं कोण त्या जन्मी कोण होतं ते सांगितलं: मूर्ख देवता कोकालिक, सिंह सारिपुत्त, वाघ मोग्गल्लान आणि शहाणी देवता बोधिसत्त्व.

"आणि झाडं तोडणारे?"

त्यांची नावं गोष्टीत दिलेली नाहीत, म्हटलं. ते तिला मुळीच पटलं नाही. झोपेपर्यंत ती माझ्याशी त्यावरून भांडत होती.