नाटक आणि पिस्तूल

रंगभूमीवरील रक्तपात पाहून माणसे रक्तपाती होतात, असे कुरुंद्याच्या पारावर कोणी बोलू लागले की आम्हांस नाशिक आठवते. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथील विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. हा तरुण आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबादेस शिकलेला. त्या रात्री प्रयोग कशाचा? तर देवलांच्या 'शारदे'चा. म्हाताऱ्या नवरदेवाची फजिती! मात्र १९१० साली सरकारने बंदी घातली ती खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर. सैरंध्रीची विटंबना पाहून प्रेक्षकांचे रक्त उसळे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते आधीच तापलेले होते. नाहीतर श्रीधरांच्या 'पांडवप्रतापा'त कीचक खेडोपाडी पिढ्यानपिढ्या मरत आला आहे. ती पोथी ऐकून श्रोते मुकाट्याने घरी जात.