आजी, मी आणि तीन बल्ब

‘आजी पडली.’

सकाळी सहा-दहाला आलेल्या फोनवर हे दोनच शब्द ऐकले आणि झोप खाडकन उडाली. शेजारच्या काकू बोलत होत्या. रात्री तीनच्या सुमाराला न्हाणीघरातून परत येताना आजीचा पाय उंबरठ्याला अडला. डावं मनगट मोडलं. बाकी ठीक. ‘घाबरू नकोस, चहा पितेय,’ असं काकूंनी तीनदा सांगितलं, त्यामुळे मी तीनपट घाबरले.

त्याच दिवशी रत्नागिरी गाठली. स्टँडवरून पावसची एसटी पकडली. भाट्याचा पूल, फणसोप, गोळप... एरवी या रस्त्यावर मी खिडकीतून समुद्र शोधत बसते. त्या दिवशी डोक्यात एकच चक्र. त्र्याऐंशी वर्षांची आजी. साठ वर्षं त्याच घरात वावरतेय. कुठली पायरी कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता येईल. मग पडली कशी?

उत्तर घरात शिरल्यावर मिळालं. आणि ते जाम झोंबलं. कारण कलप्रिट मी होते!

घराचा मॉल

झालं असं होतं की, गेल्या दिवाळीत मी आजीला ‘गिफ्ट’ दिलं होतं. अख्ख्या घराचे बल्ब बदलले. माजघरातला पिवळा बल्ब, मागच्या पडवीतला मिणमिणता बल्ब, आणि तो झिरोचा बल्ब (ज्याचं नाव झिरो पण जो प्रत्यक्षात 12-15 वॅट खायचा), सगळे आउट! त्यांच्या जागी पांढरेशुभ्र एलईडी. खोक्यावर ‘कूल डेलाइट 6500 के’ असं लिहिलेलं. मला वाटलं, कूल म्हणजे कूल. घर मॉलसारखं लखलखलं. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, शाबासकी घेतली आणि मुंबईला परतले.

आजी काही बोलली नाही. तिने एवढंच केलं, की रात्री दिवे लावणंच बंद केलं.

‘अगो, डोळ्यांत सुई टोचल्यासारखं होतं,’ प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती म्हणाली. ‘तू एवढ्या हौसेने आणलेस, म्हटलं कशाला बोला!’

त्या रात्रीही ती माजघरातून मागच्या पडवीपर्यंत अंधारातच गेली, आणि नीट गेली. डोळे सरावलेले होते. न्हाणीघरात मात्र दिवा लावावा लागला. दोन मिनिटांनी तो बंद केला आणि परत निघाली, तर समोर काळंकुट्ट! अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. झगझगीत उजेडात तो सराव क्षणात पुसला जातो. पायाखाली काय आहे ते दिसेना आणि उंबरठ्याने घात केला.

त्यात आजीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झालेली. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं, की निळा प्रकाश पूर्वीपेक्षा जास्त आत येतो. आणि आपला पांढरा एलईडी मुळात असतो निळाच! निळी चिप, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून पांढरा. ती निळी चिप बनवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना, 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी ‘उजाला’ योजना आली आणि एलईडी घरोघरी पोचले. त्यांच्या कामगिरीबद्दल फुल रिस्पेक्ट. पण 6500 के म्हणजे त्यातला सगळ्यात निळसर प्रकार. जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळ जाणारा असतो 2700 के. आकडा जितका लहान, तितका उजेड पिवळा. हे मला दिवाळीत माहीत असतं तर!

काकांचा अल्टिमेटम

संध्याकाळी काकांचा फोन. ‘आता पुरे झालं. पावसाळ्याच्या आत आईला डोंबिवलीला आणायचं. तिथे एकटीला ठेवण्यात अर्थ नाही.’

आजीने फोन स्पीकरवरच ऐकला. काही न बोलता उठली, देवघरात गेली आणि एका हाताने समईची वात सारखी करत बसली. तिचं जग म्हणजे हे घर, मागचे सहा हापूस आणि गुरुवारी स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन. स्वामींनी 1974 मध्ये देह ठेवला. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांपैकी ती एक. तिला डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर नेऊन काय करायचं? टीव्ही दाखवायचा?

पण काकांचं तरी काय चुकलं? ती पुन्हा पडली आणि मनगटाऐवजी खुबा मोडला तर?

‘काका, मला पंधरा दिवस द्या,’ मी म्हटलं. ‘मी काहीतरी करते.’ काय करणार ते मलाही माहीत नव्हतं.

स्मार्ट आयडिया, फ्लॉप शो

पहिली आयडिया अर्थातच स्मार्ट बल्ब! फोनवरून कमी-जास्त, हवा तो रंग, टायमर... एकदम सही. फक्त दोन प्रॉब्लेम. एक, घरात वायफाय नाही. दोन, आजी झोपताना भिंतीवरचं बटण बंद करते. साठ वर्षांची सवय. आणि बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब म्हणजे नुसता काचेचा गोळा.

दुसरी आयडिया डिमर. पंख्याच्या रेग्युलेटरसारखी गोल चावी, फिरवली की उजेड कमी-जास्त. हे आजीला जमणारं होतं. रत्नागिरीला गेले, पिवळ्या उजेडाचे नऊ वॅटचे तीन एलईडी घेतले आणि एक डिमर. दुकानदार म्हणाला, ‘चालेल, बिनधास्त न्या.’

गावातल्या वायरमन काकांनी दुपारी डिमर बसवला. माजघर, मधला बोळ आणि मागची पडवी, तिन्ही पॉइंट एका चावीवर. मी ऐटीत चावी फिरवली... आणि घरात डिस्को सुरू झाला! बल्ब लुकलुकायला लागले. वर डिमरमधून भुंगा अडकल्यासारखी गुणगुण. आजी म्हणाली, ‘हे काय गो, गणपतीचं डेकोरेशन?’

वायरमन काकांनी खोकं हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरं वाचली. ‘ताई, यावर डिमेबल लिहिलेलं नाही. नुसता एलईडी डिमरवर चालत नाही. असाच ठेवलात तर दोन-चार महिन्यांत जाईल.’

मग चहा पिता पिता त्यांनी जो फंडा समजावला, तो मी जसाच्या तसा देते. आपल्याकडची वीज सेकंदाला शंभर वेळा उलटसुलट होते. डिमर त्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. जुना बल्ब म्हणजे निखारा. मधेच वारा थांबला तरी तार लाल राहते, म्हणून त्याला कापाकापी कळतच नाही. एलईडीच्या पोटात मात्र ड्रायव्हर नावाचं सर्किट असतं. ते आलेल्या विजेचं रूपांतर करून चिपला देतं. अर्धवट कापलेली लाट आली की साधा ड्रायव्हर गोंधळतो, चालू-बंद करत राहतो. डिमेबल बल्बचा ड्रायव्हर अशी लाट ओळखायलाच बनवलेला असतो.

‘आणि डिमरही बदला,’ ते म्हणाले. ‘यावर बघा, कमीत कमी साठ वॅटचा लोड लिहिलाय. तुमचे तीन बल्ब मिळून सत्तावीस. ह्याला एवढं कमी पुरत नाही. हा जुन्या बल्बच्या जमान्यातला. लाटेची सुरुवात कापतो. एलईडीला लाटेचं शेपूट कापणारा घ्या, ट्रेलिंग एज म्हणून मागा.’

मास कॉममध्ये कोणी हे शिकवलं नव्हतं!

‘पण एवढं करण्यापेक्षा झिरोचा बल्बच परत लावा की,’ त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. उत्तर आजीनेच दिलं. ‘झिरोत उंबरठा दिसतो कुठे? आणि संध्याकाळी पोथी वाचायला, तांदूळ निवडायला मला भरपूर उजेड लागतो. तेव्हा मोठा हवा, रात्री लहान हवा.’ वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आत प्रकाश कमी पोचतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला वाचायला आपल्यापेक्षा जास्त उजेड लागतो आणि त्याच डोळ्यांना झगझगाट मात्र कमी सोसतो. आजीने हे सगळं एका वाक्यात गुंडाळलं.

टेक टू

पुन्हा रत्नागिरी. या वेळी दुकानात मीच प्रश्न विचारत होते. डिमेबल लिहिलंय का? 2700 के आहे का? होल्डर पिनवाला की आट्याचा? डिमरचा कमीत कमी लोड किती? दुकानदाराने आतून वेगळं खोकं काढलं. एकेक बल्ब साध्याच्या दुपटीहून महाग पडला. पण घेतला.

संध्याकाळी चावी फिरवली. लुकलुक नाही, गुणगुण नाही. उजेड लोण्यासारखा खाली आला. फक्त अगदी टोकाला नेली की बल्ब विझत होते. वायरमन काकांनी डिमरच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून खालची मर्यादा थोडी वर घेतली. ‘नाहीतर रात्री लाइट जाऊन परत आली, की इतक्या कमीवर बल्ब पेटणारच नाहीत.’

लाइट जाण्याचा विषय निघाला आणि नवीन टेन्शन! घरात छोटा जुना इन्व्हर्टर आहे. त्याची लाट गोल नसते, चौकोनी असते, आणि चौकोनी लाटेवर डिमर धड चालत नाही. म्हणून डिमरची लाइन इन्व्हर्टरवरून काढली. न्हाणीघराच्या पायरीजवळ, घोट्याच्या उंचीवर, बॅटरीवर चालणारा सेन्सरचा छोटा पिवळा दिवा लावला. माणूस जवळ आला की आपोआप लागतो. लाइट असो वा नसो. न्हाणीघरातला पांढरा बल्बही काढला, तिथे साधा पिवळा बसवला. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ इथून गेलं, तेव्हा आजीने रात्री कंदिलावर काढल्या होत्या. सेन्सरचा दिवा बघून तिने विचारलं, ‘ह्याला रॉकेल लागत नाही ना?’

शेवटचं ऑब्जेक्शन बिलाचं. ‘रात्रभर दिवा? वेडी की काय!’ मी कागद-पेन घेऊन बसले. पूर्वीचा चाळीसचा बल्ब रात्री आठ तास लावला तर महिन्याला साडेनऊ युनिट. आताचे तिन्ही बल्ब इतके खाली आणल्यावर मिळून पाच-सहा वॅट घेत असावेत. म्हणजे महिन्याला दीड युनिटच्या आत. आजीने हिशेब पुन्हा करायला लावला. मग मान डोलावली.

चावी किती फिरवायची हे मात्र तिने स्वतःच ठरवलं. मी म्हणत होते, जरा जास्त ठेव. तिने देवघराचं दार उघडलं, समईच्या उजेडाकडे बघितलं आणि चावी हळूहळू त्याच्या जवळ आणली. मग देवघरातलं कुंकू बोटावर घेऊन डिमरच्या पाटीवर तिथेच एक ठिपका लावला. ‘हा रात्रीचा. बाकी मला कळतं.’

रात्री तीन वाजता

त्या रात्री मी माजघरातच झोपले. म्हणजे झोपल्याचं नाटक केलं. तीन वाजता आजी उठली. खाट करकरली. मंद पिवळा उजेड बोळातून थेट पडवीपर्यंत गेला होता आणि उंबरठ्याची कड स्पष्ट दिसत होती. उठून तिचा हात धरावा, असं मनात फार आलं. पण धरला असता तर काय कळणार होतं? मी श्वास रोखून पडून राहिले.

ती गेली. पाणी वाजलं. दिवा बंद झाल्याचा टक् आवाज आला. ती परत निघाली. उंबरठ्यापाशी थांबली, खाली बघितलं, उजव्या हाताने चौकट धरली, पाय उचलला. आत आली.

‘जागी आहेस ते माहित्ये मला,’ ती म्हणाली. ‘झोप आता.’

मी आणखी बारा दिवस राहिले. ती रोज रात्री उठली आणि रोज नीट परतली. चौदाव्या दिवशी काकांना व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवलं. बोळ, उंबरठा, ठिपका, सेन्सर. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बरं. गणपतीत मी येतो, तेव्हा बघू.’ पावसाळ्याची मुदत गणपतीपर्यंत गेली. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं. एका दिव्याने म्हातारपण थांबत नाही, हे काकांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आजीला तर आमच्या दोघांच्या आधीपासून ठाऊक आहे.

निघताना आजीने पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. गाडीत उघडून पाहिलं, तर दिवाळीतले पांढरे बल्ब! तीन माजघराकडचे आणि एक न्हाणीघरातला.

त्यातला एक आता माझ्या टेबलावर आहे. डेडलाइनच्या रात्री जागं राहायला बेस्ट!