बावीस की बेचाळीस?

आम्ही चौघे जुन्या नाशकात वाढलो. घरात दखनी, शाळेत मराठी आणि मदरशात अरबी असा आमचा तिहेरी कारभार होता. कॉलेजात असताना आमच्या मोहल्ल्यात शेख अहमद दीदात यांच्या व्हिडिओ कॅसेट आल्या. 1986 मध्ये अमेरिकेत पाद्री जिमी स्वॅगर्ट यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला होता. विषय होता, बायबल हे ईश्वराचे वचन आहे काय? व्हीसीआर भाड्याने आणून एका खोलीत वीस-पंचवीस जण दाटीवाटीने बसत. इंग्रजी अर्धेमुर्धेच कळे, पण टाळ्या कळत. त्या काळात आम्हाला टाळ्यांची फार भूक होती.

त्या कॅसेटींवरून आम्ही एक यादी तयार केली. अहज्या राजा गादीवर बसला तेव्हा राजे या पुस्तकात बावीस वर्षांचा, तर इतिहासाच्या पुस्तकात, मूळ हिब्रू पाठानुसार, बेचाळीस वर्षांचा. त्याचा बाप तर चाळिसाव्या वर्षीच वारलेला. म्हणजे मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! दावीदाला लोकांची शिरगणती करायला कुणी लावले? शमुवेलाच्या पुस्तकात देवाने, इतिहासात सैतानाने. हजरत ईसांना धरून देणाऱ्या यहूदाने मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे गळफास घेतला, तर प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून पोट फुटून मेला. अशा पंधरा-वीस गोष्टी वहीत उतरवून आम्ही शरणपूरला निघालो.

शरणपूरला आमचा वर्गमित्र राहत होता. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणत असू. ईदला ती शीरखुर्म्याला येई, नाताळात आम्ही तिच्या करंज्यांवर ताव मारत असू. तिच्याच घरात, तिच्याच पवित्र शास्त्रात, आम्ही पेन्सिलीने खुणा करून तिच्या मुलाला एकेक जागा दाखवली.

पहिल्या दिवशी त्याने चर्चमध्ये ऐकलेली उत्तरे दिली. आकड्यांत नकलाकाराची चूक झाली असेल. यहूदाने फास घेतला आणि मग दोर तुटून तो पडला असेल. आम्ही हसलो. ‘असेल, असेल’ हाच तुमचा ईमान का, असे आमच्यापैकी एकाने विचारले. तो गप्प झाला. आम्हाला वाटले, जिंकलो.

पुढच्या पाच-सहा महिन्यांत तो खरोखरच वाचायला लागला. आमच्या यादीत नसलेल्या जागाही त्याने शोधल्या. मग तो चर्चला जाईनासा झाला. आम्ही मनातून खूष होतो. आमच्यातल्या धाडसी माणसाने एक दिवस त्याला सांगितले, आता इस्लामचा अभ्यास कर. तो म्हणाला, ‘केला. तुमचीच मोजपट्टी तुमच्या किताबाला लावून पाहू का? सूरह सजदामध्ये एक दिवस हजार वर्षांचा आहे आणि सूरह मआरिजमध्ये पन्नास हजारांचा. आता तुम्ही म्हणा, असेल, असेल.’

आम्ही धावत मोहल्ल्यातल्या वृद्ध मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले. मुफस्सिरांनी याची उत्तरे दिली आहेत. एक दिवस कारभाराचा, दुसरा कयामतचा. आमचे लगेच समाधान झाले. मग मौलाना म्हणाले, हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना कुणीतरी हेच विचारले होते. कुरआनचे एवढे मोठे जाणकार, पण त्यांनी सांगितले की अल्लाहने आपल्या किताबात उल्लेखलेले हे दोन दिवस आहेत, त्यांचे खरे ज्ञान त्यालाच. जे ठाऊक नाही ते किताबाविषयी बोलणे मला आवडत नाही. एवढे सांगून मौलानांनी आम्हाला विचारले, ‘बेटा, तुम्ही जवाब मागायला आलात, की जिंकायला?’

परतताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आमच्या किताबाविषयी उत्तर मिळाले तेव्हा आम्ही ते एका क्षणात स्वीकारले. त्याच्या किताबाविषयी त्याने उत्तर दिले तेव्हा त्याला हसलो. तौरात आणि इंजीलमध्ये फेरफार झाला ही आमची श्रद्धा आहे, ती आजही आहे. पण आम्ही त्याच्याकडे श्रद्धा घेऊन गेलो नव्हतो, वजाबाकी घेऊन गेलो होतो. आणि वजाबाकी केली की मागे शून्य उरू शकते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

मावशीने ते आम्हाला दाखवून दिले. एका संध्याकाळी ती आमच्या दारात आली. म्हणाली, ‘त्याला तुम्ही मशिदीत नेलं असतं, तर मी रडले असते, पण कुठेतरी तो नमला असता. आता तो कुठेच नमत नाही. देवच नाही म्हणतो. तुम्ही त्याला काय दिलंत?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे आम्ही थोडा इतिहास वाचला. दीदातसाहेब मूळचे सुरत जिल्ह्यातले. दक्षिण आफ्रिकेत एका मिशनजवळच्या दुकानात नोकरी करताना तिथले मिशनरी विद्यार्थी इस्लामवरून त्यांना टोचून बोलत. तिथेच त्यांच्या हाती मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचे ‘इजहारुल हक’ पडले. या कैरानवींनी एप्रिल 1854 मध्ये आग्र्याला पाद्री फांडर यांच्याशी वाद घातला होता. राज्य कंपनी सरकारचे होते आणि मिशनऱ्यांच्या पाठीशी राज्यकर्त्यांचे वजन होते. 1857 नंतर मौलानांना देश सोडून मक्केला जावे लागले. ती दलील म्हणजे दुबळ्याने उचललेली ढाल होती.

आणि आमचे शरणपूर? तेही 1854 चेच. चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुले शिकली, आणि त्यांतले काही पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांची ‘स्मृतिचित्रे’ मावशीच्या उशाशी असत, 1895 मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावरही पाच वर्षे आपल्या मताला धरून राहिल्या. त्या बदलल्या त्या आकडे जुळले म्हणून नव्हे. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला हे उमगल्यावर. कैरानवी राज्यकर्त्यांच्या धर्माशी वाद घालत होते. आम्ही मात्र ती ढाल घेऊन आमच्याहूनही थोड्या असलेल्या शेजाऱ्यांच्या घरात शिरलो होतो. किताबवाल्यांशी वाद घालायचा तर उत्तम रीतीने घाला, हा सूरह अनकबूतमधला हुकूम आम्हाला पाठ होता. फक्त तो आमच्यासाठी आहे असे वाटले नव्हते.

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. दफनाच्या वेळी तो प्रार्थनेत ओठ न हलवता उभा होता. आम्हीही माती दिली. तो परत चर्चला गेला नाही, मशिदीतही आला नाही. सरळ, कुणाचे वाईट न करणारा माणूस आहे. त्याचा आमच्यावर राग नाही. तो म्हणतो, प्रश्न माझेच होते, तुम्ही फक्त लवकर आणून दिलेत. हे तो आमचे मन राखायला म्हणतो की खरेच, ते आम्हाला अजून कळलेले नाही.

हे आज लिहायचे कारण वेगळे आहे. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाची मुलगी मोबाईल घेऊन आली. कुणीतरी तिला कुरआनातल्या ‘विसंगतीं’ची यादी पाठवली होती. हजार आणि पन्नास हजार त्यात होतेच. तिचा चेहरा उतरला होता. तोच चेहरा आम्ही शरणपूरच्या त्या खोलीत पाहिला होता, आणि तेव्हा हसलो होतो.

या वेळी आम्ही हसलो नाही, रागावलोही नाही. तिला बसवले, तफसीर काढली. हजरत इब्राहीम (अ.स.) यांनीसुद्धा मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते दाखव, असे खुद्द अल्लाहला विचारले होते आणि त्यांना झिडकारले गेले नाही, हे सांगितले. जे येत होते ते समजावले. जे येत नव्हते तिथे, ठाऊक नाही, असे म्हटले.

मग तिला मावशीची गोष्ट सांगितली. ती सांगणे आम्हाला तफसीरपेक्षा जड गेले.