चॅटबॉटने दिलेला शब्द कुणाचा?

चॅटबॉटचे संवाद तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ग्राहकाने काय विचारले, यंत्राने काय सांगितले, गाडी कुठे अडली, हे वाचत बसायचे. बाहेरच्यांना वाटते, लोक नव्या यंत्राला बिचकतात हीच मुख्य अडचण. मला उलटे दिसते. लोक फार लवकर विश्वास टाकतात.

ही खोड जुनी. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही गप्पा मारणारी संगणक-प्रणाली जगापुढे आणली. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढीच तिची करामत. तरी तिच्याशी बोलायला बसलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने खुद्द वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितले. पुढे ते या तंत्राचे कडवे टीकाकार झाले, ते उगीच नव्हे.

आजचे चॅटबॉट कितीतरी तरबेज, पण त्यांचेही मूळ काम पुढचा शब्द कोणता याचा अंदाज बांधण्याचे. खरे उत्तर आणि रचलेले उत्तर एकाच ठाम सुरात येते. माणूस चाचरतो, ‘बघून सांगतो’ म्हणतो, त्यावरून आपण काय ते ओळखतो. इथे ती खूणच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. निकाल खरे आहेत ना, हेही चॅटजीपीटीलाच विचारले होते!

मराठीत आणखी गुंता. चॅटबॉटला शिकवायला लागणारा मजकूर इंग्रजीच्या मानाने तुटपुंजा. आपले लोक रोमन लिपीत मराठी टाइप करतात आणि प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे. उत्तर मात्र आता बऱ्यापैकी शुद्ध मराठीत येते, म्हणून खरेच वाटते, आणि धोका नेमका तिथेच.

चॅटच्या खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की चूक होऊ शकते, खात्री करून घ्या. अहो, खात्री करता आली असती तर माणूस विचारायला कशाला आला असता?

एअर कॅनडाचे प्रकरण बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजी वारलेल्या एका प्रवाशाला कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने सांगितले, की तिकीट काढा, घरच्या मृत्यूसाठीची सवलत ९० दिवसांत मागून घ्या. प्रवासानंतर सवलत मिळत नाही, हा कंपनीचा खरा नियम त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर होता. वाद ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेला. कंपनीचा बचाव काय, तर चॅटबॉट स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो झिडकारला. एकाच संकेतस्थळाचे कोणते पान खरे, हे ग्राहकाने कसे ओळखावे? प्रवाशाला भरपाई मिळाली. माझ्या मते या क्षेत्राला लागणारा नियम एवढाच: ज्याचा चॅटबॉट, त्याचा शब्द.

त्या प्रवाशाजवळ संवादाचा स्क्रीनशॉट होता. तुम्हीही पैशाचे काही विचाराल तेव्हा तो काढून ठेवा, आणि पैसे भरण्याआधी मूळ नियम उघडून वाचा.