उजेडाच्या मापाची खिडकी

येवल्यातल्या विणकरांच्या आळीतून दुपारी हिंडावं, तर घराघरांतून मागाची खटखट ऐकू येते. पैठणीचा पदर नुसत्या धोट्याने उतरत नाही. मोराच्या एकेका रंगासाठी वेगळी तिल्ली असते आणि ती ताण्याच्या मोजक्या धाग्यांखालून हाताने फिरवावी लागते. एक धागा चुकला की मोराची मान वाकडी होते. त्यामुळे इथे खिडकी म्हणजे कामाचं अवजारच. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिला उजेड आजही भिंतीतल्या खिडकीतूनच मिळतो.

आम्ही मागच्या अंगणात बारा बाय चौदाची खोली वाढवायला घेतली, तेव्हा हे सगळं नव्याने मनात आलं. नकाशात पश्चिमेला अंगणाकडे उघडणारं आठ फुटी सरकतं काचेचं दार होतं आणि उत्तरेला तीन फुटी खिडकी. कागदावर ते देखणं दिसत होतं. पण या खोलीत काकूंचा माग बसणार होता. भिंती जेमतेम गुडघाभर चढल्या होत्या. काकू मागाच्या जागी जमिनीवर बसल्या, पाय खाली सोडल्यासारखे केले आणि म्हणाल्या, “अरे, दुपारचं ऊन थेट जरीवर आलं तर डोळे दिपतील, रेशमाचा रंगही उडेल. मला उत्तरेचा उजेड दे, आणि तो खालून दे.”

खड्ड्यात पाय सोडून खड्डामागावर बसणाऱ्याची नजर खाली असते. तीन फुटांवर सुरू होणारी खिडकी त्याला आभाळ दाखवते, हातातला धागा दाखवत नाही. म्हणून खिडकी सहा फूट रुंद केली आणि तिची खालची कड दोन फुटांवर आणली. पश्चिमेचं दार पाच फुटांवर आलं. त्याची एक झडप सव्वातीन फुटांची ठेवली. उद्या कुणाला चाकाच्या खुर्चीतून अंगणात यावंसं वाटलं, तर दारातच अडायला नको. राष्ट्रीय बांधकाम संहिता कोरड्या, उष्ण हवेच्या भागात राहत्या खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश इतकी उघडी जागा सांगते, तीही दार सोडून. आमच्या खोलीला ती सुमारे १७ चौरस फूट हवी होती. आधीची खिडकी १२ चौरस फुटांची होती, आता ती ३० झाली.

भिंतीचंही ऐकावं लागतं. खिडकीचा गाळा दुप्पट केला आणि वरचा भार प्रत्येक फुटाला तेवढाच धरला, तर लिंटेलवरचा वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून सळई आणि जाडी इंजिनिअरकडून नव्याने ठरवून घेतली, लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीवर नऊ-नऊ इंच टेकवलं आणि कोपऱ्यापासून दोन फूट भिंत सलग राखली. जुन्या घरातून नव्या खोलीत जाणारं दार रुंद करताना तर मिस्त्रींनी घाई म्हणून केली नाही. आधी माडीच्या तुळईखाली टेकू लावले. मग जाड भिंतीची अर्धी जाडी कोरून एक लिंटेल बसवलं, ते पक्कं झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरं, आणि त्यानंतरच खालच्या विटा काढल्या. जुन्या भिंतीनं इतकी वर्षं पेललेलं ओझं आधी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचं आणि मगच तिला मोकळं करायचं, या शिस्तीत मला माणुसकी दिसली.

घर वाढवताना आपण बहुतेकदा रस्त्यावरून ते कसं दिसेल याचा विचार करतो, किंवा दुकानात तयार मिळणाऱ्या चौकटीच्या मापाला आपलं जगणं बसवतो. घर मात्र आत बसणाऱ्याचं असतं. त्याचे डोळे कुठे टेकतात, हात कशात गुंततात, वय झाल्यावर पाय कसे उचलतील, यावरून दारं-खिडक्यांची रुंदी ठरायला हवी. रुंद केलेलं प्रत्येक दार किंवा खिडकी चांगलीच, असंही नाही. आमचं पश्चिमेचं दार अरुंद झालं, म्हणून खोली सुसह्य झाली.

तुमच्याकडे बांधकाम निघालं असेल, तर लिंटेल बसण्याआधी एकदा त्या मोकळ्या जागेत जाऊन बसा. सकाळी बसा, दुपारी बसा. जिचं किंवा ज्याचं काम तिथे चालणार आहे, त्यांनाही बसवा आणि त्यांना काय हवं ते विचारा. माप त्यानंतरच गवंड्याला सांगा.