कांद्याच्या आयशरमधली डॉल्फिन

मल्लेश्वरममधल्या माझ्या एका जुन्या मित्राने काही वर्षांपूर्वी त्याची स्टँडर्ड हेराल्ड जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला टेम्पोत चढवून आणली होती. मी चार लोकांसमोर त्याला विचारलं, "गाडी आणलीस की तिरडी?" तो काहीच बोलला नाही. गाडीचे दोर सोडत राहिला. तेव्हा मला माझं बोलणं बरोबरच वाटलं होतं. आज वाटत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

माझं मत पक्कं होतं: जी गाडी स्वतःच्या चाकांवर पोहोचत नाही, ती नुसती शोभेची वस्तू. हे मत मला मामाकडून मिळालं. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम नावाची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, तिथे पूर्वी मोटारींच्या शर्यती होत. बंगळुरूची तरुण मंडळी पहाटे आपल्याच गाडीने निघायची, तीच गाडी शर्यतीत पळवायची आणि तिनेच घरी परत यायची, असं मामा सांगत. 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईला नवा ट्रॅक झाला आणि शोलावरम मागे पडलं, पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही.

आमच्याकडे सिपानी डॉल्फिन आहे. तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. 1982 मध्ये ही गाडी इथेच, बंगळुरूत, बनू लागली. मूळ घडण इंग्लंडच्या रिलायंट किटनची. दोन दारं, 848 सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन आणि अख्खी बॉडी फायबरग्लासची. वजन जेमतेम अर्धा टन, म्हणूनच शर्यतवाल्यांना ती फार आवडायची. वडिलांनी 1984 मध्ये घेतली. मार्गोसा रोडवरून तिच्यातून शाळेत जाताना पावसाचे थेंब टपावर वाजायचे. तो आवाज पत्र्याच्या गाडीसारखा नव्हता, डब्यावर बोटं वाजवावीत तसा बसका होता. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली.

कोल्हापूरला भाचीचं लग्न ठरलं. नवरी आजोबांच्या गाडीतून मांडवात यावी, अशी बहिणीची फार इच्छा. अंतर सुमारे 600 किलोमीटर. बायको म्हणाली, "टेम्पोतून पाठव, आपण रेल्वेने जाऊ." मी ऐकलं नाही. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग महिनाभर कुरकुरत होतं. ते बदलायचं मीच पुढे ढकललं होतं, हेही इथे सांगायला हवं.

48 नंबरच्या हायवेवर पहिल्या तासातच जीव मेटाकुटीला आला. साठच्या वेगाने चालणाऱ्या त्या हलक्या गाडीला बाजूने कंटेनर गेला की ती हातभर सरकायची. मागून हॉर्न, समोर धूळ. बायको दाराची कडी घट्ट धरून बसली होती. तुमकुरू गेलं, शिरा गेलं. हिरियूरच्या अलीकडे चाकातून लोखंड दळल्यासारखा आवाज आला आणि स्टिअरिंग हातात थडथडू लागलं. कडेला घेतली. चाक हाताने हलवलं तर बोटभर डुगडुगत होतं. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला तिथे उभं असतानाच कळलं.

तासाभराने एक रिकामा आयशर थांबला. पाटी महाराष्ट्राची. लोणंदचा कांदा यशवंतपूरच्या बाजार समितीत उतरवून पोरगा परत निघाला होता.

"काका, कुटं जायाचं?"

"कोल्हापूर."

"मग वाटंवरच हाय की. रिकामाच चाललोय, घेऊ वर."

कशी घेणार, हा माझा प्रश्न त्याला पडलाच नाही. सर्व्हिस रोडच्या कडेला मातीचा उंचवटा होता. त्याने फाळका पाडला आणि गाडी मागे घेत घेत हौद्याची कड बरोबर त्या मातीला नेऊन टेकवली. मधल्या फटीवर दोन फळ्या टाकल्या. शेजारच्या ढाब्यावरून चौघं आले. दोघांनी तो डावा कोपरा उचलून धरला, बाकीच्यांनी मागून रेटलं. अर्धा टन वजन, पाच मिनिटांत गाडी वर. मी मात्र बाजूला उभा होतो. हात लावायला जाववत नव्हतं.

मग त्याने बॉडीवर टिचकी मारली. "पत्रा न्हाई ह्यो. दोर कुटं बांधू?" मी काही सांगण्याआधी तो खाली वाकला आणि दोर चाकांच्या भोकांतून ओवू लागला. का, तेही सांगितलं. बॉडीला दोर आवळला की प्रत्येक खड्ड्याला गाडी स्प्रिंगवर दबते, दोर सैल पडतो, पुन्हा ताणला जातो. पत्रा चेपतो, फायबर चिरतं. चाकं जखडली की बॉडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी डोलत राहते. त्याने चारी चाकं फुलीसारखी बांधली, टायरखाली लाकडी ठोकळे ठोकले, दुमडलेली बारदानं कोंबली. हौदा 14 फुटांचा, गाडी अकराच्या आसपास. तळाला कांद्याची लाल सालं पसरलेली होती आणि वाऱ्याने ती काचेवर येऊन चिकटत होती.

रात्रभर आम्ही केबिनमध्ये बसून होतो. हुबळी, बेळगाव करत कोल्हापूर आलं. दर चहाला मी मागे चढून पाहायचो. एकही दोर ढिला झालेला नव्हता. बेअरिंग दुसऱ्या दिवशी बदलून घेतलं. लग्नाच्या सकाळी नवरी डॉल्फिनमधून आली. बहीण टपावरून हात फिरवत रडली. गाडीतून कांद्याचा वास येत होता, पण कुणी नाक मुरडलं नाही.

परत आल्यावर मी हा विषय नीट वाचून काढला. 1950 च्या दशकात मर्सिडीजने आपली शर्यतीची गाडी वाहून नेण्यासाठी खास एक वाहन बनवलं होतं. चेसिस 300 एसची, लांबवलेली. इंजिन 300 एसएलचं. केबिनचे भाग साध्या 180 मॉडेलचे. पाठीवर गाडी घेऊन ते ताशी 170 किलोमीटरच्या आसपास पळायचं. निळ्या रंगामुळे लोक त्याला निळा चमत्कार म्हणत. 1967 मध्ये ते भंगारात काढलं आणि पुढे जुन्या फोटोंवरून कंपनीने तसंच दुसरं घडवलं. एडिनबरोच्या इक्युरी इकॉस या संघाचा कॉमर ट्रक एकावेळी तीन गाड्या न्यायचा, तो 2013 मध्ये लिलावात सुमारे 18 लाख पौंडांना गेला. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या शर्यतीला दुसऱ्याच्या पाठीवरून जात होत्या, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. मामाची गोष्ट खरीच होती. पण तेव्हाचा रस्ता वेगळा होता आणि त्यांच्या गाड्या नव्या होत्या. माझ्या गाडीचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही. हायवेवरचा एकेक किलोमीटर मी तिच्या उरलेल्या आयुष्यातून खर्च करत होतो, आणि बायकोचा जीवही टांगणीला लावत होतो.

मित्राकडे गेलो. काडू मल्लेश्वराच्या देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी यांचं नाव या देवळाच्या इतिहासात आहे, म्हणून इथे आलं की मला नेहमी घरच्यासारखं वाटतं. त्याला म्हणालो, "तिरडी म्हणालो होतो, ते चुकलं." तो म्हणाला, "हेराल्डचा मागचा अॅक्सल तेव्हा दुखत होता रे. दुसरा मिळतच नव्हता." एवढंच. मी त्या दिवशी विचारलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं.

आता डॉल्फिन सकाळी सँकी तलावापर्यंत चालते. त्याहून लांब जायचं तर आयशरमधून जाते. तुमच्या दारात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर चालवत नेता येत नाही म्हणून तिला तिथेच सडू देऊ नका. जवळच्या बाजार समितीच्या फाटकाशी जा, परतीचा रिकामा टेम्पो विचारा. आणि दोर फक्त चाकांना बांधायला सांगा.