मावशी म्हणते तशा "त्या" गाड्या

एखाद्याला गाड्यांमधलं खरंच किती कळतं हे बघायचं असेल ना, तर त्याला हॉर्सपॉवर विचारू नका. टायर कधी बदलले ते विचारा. हॉर्सपॉवर सगळ्यांना पाठ असते. टायरचा विषय निघाला की निम्मी मंडळी चहा मागवतात :)

मला वेगवान गाड्या आवडतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि काहींना ते अजिबात पसंत नाही. (मावशी, तू हे वाचणारच आहेस, म्हणून आधीच सांगून टाकलं!) २००२ साली मी फियाट पालिओ घेतली, ती १.६ वाली. मारुती ८०० मध्ये ३७ हॉर्सपॉवर असायची, त्या काळात हिच्यात १०० होती. पेट्रोल अशी प्यायची की पंपावरची पोरं मला नावाने ओळखायला लागली. पण तिच्यात मला सगळ्यात जास्त काय आवडायचं सांगू? इंजिन नाही. वळणावर ती रस्त्याला जी घट्ट धरून राहायची, ते.

आमच्या एका मित्राकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. २३० हॉर्सपॉवर. ताम्हिणी घाटात त्याच्या शेजारी बसणं म्हणजे क्लासला बसण्यासारखं आहे. ब्रेक नेहमी वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मग ती चाकं नीट वळतात. वळण उलगडायला लागलं की हळूहळू अॅक्सिलरेटर. कुठे धक्का नाही, झोल नाही. त्याची आई मागच्या सीटवर माणगाव येईपर्यंत शांत झोपलेली असते. आणि मागून कुणी लाइट मारत आला की हा पठ्ठ्या डावीकडे घेऊन त्याला जाऊ देतो. पुढे निघून जाते ती बहुतेक वेळा कुणाची तरी भाड्याची टॅक्सी!

वेगाशी ज्यांचा खरा संबंध आला, ती माणसं अशीच असतात असं मला वाटतं. जॅकी स्टुअर्टचंच बघा. फॉर्म्युला वनमध्ये तीनदा जगज्जेता: १९६९, १९७१ आणि १९७३. बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर १९६६ साली अचानक पावसात त्याची गाडी घसरली, आणि तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत जवळजवळ अर्धा तास आत अडकून पडला. बाहेर काढायला पाना हवा होता, तो सापडला एका प्रेक्षकाच्या गाडीत! पुढे तो स्वतःच्या स्टिअरिंगला पाना चिकटवून शर्यतीत उतरायचा. सीटबेल्ट हवेत, कठडे हवेत, ट्रॅकवर डॉक्टर हवेत, म्हणून तो भांडत राहिला आणि त्यापायी भरपूर टीकाही ऐकून घेतली. जगातला सगळ्यात वेगवान माणूस सगळ्यात सावध होता.

पूर्वी गाड्याही शिकवायच्या. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो घ्या. इंजिन मागे, टर्बोची ताकद उशिरा आणि एकदम येणार, आणि वळणात घाबरून पाय काढलात तर मागची बाजू गर्रकन फिरणार. लोक तिला "बायका विधवा करणारी" म्हणायचे. तिच्यापर्यंत पोचायला अनेक पायऱ्या चढाव्या लागत. आज पायऱ्याच राहिल्या नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत पाय टेकवला की सगळी ताकद त्याच क्षणी मिळते, आवाज नाही, थरथर नाही. घसरायला लागलं की कॉम्प्युटर सावरून घेतो. आपण चुकलो होतो हे चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पण वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे कुठल्याही कॉम्प्युटरला बदलता येत नाही. ताशी १०० ला गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. समोर कोण आलंय हे कळेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिही, या अटीवर मिळालेला जामीन तुम्हाला आठवत असेलच. लोक खवळले, तेव्हा काही दिवसांतच तो आदेश बदलला. माझ्या मात्र दुसरीच गोष्ट डोक्यात राहिली. कोटीच्या पुढची ती गाडी, आणि तिची नोंदणी १७५८ रुपये फी भरली नाही म्हणून अडकलेली होती!

अशा वेळी आम्ही गाडीवेडे लगेच म्हणतो, "दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा." खरं आहे. पण तेवढं म्हणून आमची सुटका होत नाही. "कितीने पळवलीस?" हा प्रश्न कोण विचारतं? पुण्याहून मुंबईला किती वेळात पोचलो हे कौतुकाने कोण ऐकतं? आपणच. एक्स्प्रेसवे साधारण ९४ किलोमीटरचा. घाटासकट सगळा रस्ता १२० ने गेलात (जे शक्यच नाही), तरी १०० च्या तुलनेत दहा मिनिटंसुद्धा वाचत नाहीत. तेवढा वेळ फूडमॉलला वड्याच्या रांगेत जातो.

माझा भाचा लवकरच अठराचा होईल. कुठली गाडी शून्यापासून शंभरला किती सेकंदात जाते हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. "मामा, शंभरापासून शून्याला किती लागतात हे कुणीच कसं सांगत नाही?" असं परवा त्यानेच विचारलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. लायसन्स मिळालं की त्याला कोइमतूरच्या करी स्पीडवेला घेऊन जायचं ठरवलंय. हेल्मेट घालायचं, ट्रॅकवर रस्ता ओलांडणारं कुणी नाही, बाजूला अँब्युलन्स उभी. तिथे हवी तेवढी हौस फेडू दे. पण आधी अर्धा दिवस नुसते ब्रेक मारायला शिकायचं, ही माझी अट आहे आणि त्याने ती मान्य केली आहे.

असो. ताई, तोवर किल्ल्या तुझ्याकडेच असू देत.